पाठीमागचा डोंगर

किनुए मोमोसे या बाईचा सगळा संसार कागेमी तळ्याच्या काठावर झाला, पण त्या तळ्यात उलटा दिसणारा मिनोगासा डोंगर काही तिने कधी पाहिला नव्हता. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण हसण्याआधी तिचं घर कुठे आहे ते बघायला हवं. तिचं 'फुमोतोया' नावाचं पाहुणघर डोंगराच्या अगदी पायथ्याशी, तळ्याला खेटून आहे. तिथे मान वर केली की झाडं दिसतात, झाडांच्या वर आणखी झाडं दिसतात, आणि डोंगर कुठे म्हणून विचारलं तर तो आपल्याच डोक्यावर असतो. तो बघायचा तर समोरच्या काठावर जावं लागतं. तेही पहाटे, वारा सुटायच्या आत. आणि पाहुणघर चालवणारी बाई पहाटे कुठे असते? चुलीपाशी. एका शेगडीवर मासे, दुसरीवर मिसोचं सार, वर भाताकडे एक डोळा. डोंगर बघायला तिला तिसरा डोळा कुठून आणायचा?

बरं, न पाहता गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हे. पाहुण्यांना ती वर्णन असं रंगवून सांगायची, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जावा. "आधी शिखराला लाली चढते. मग ती हळूहळू खाली उतरते. आणि मग पाण्याकडे बघा, डोंगर खाली डोकं वर पाय करून उभा!" पाहुणे दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून समोरच्या काठावर पळत, आणि परत येऊन म्हणत, "अगदी तुम्ही सांगितलात तस्साच!" किनुए विनयाने मान लववायची. आतून मात्र तिला कुठेतरी टोचायचं.

आता इतक्या वर्षांत एक दिवसही समोर जायला सवड झाली नाही, हे काही खरं नाही. सवडीपेक्षा अडचण मोठी होती, आणि तिचं नाव होतं सेत्सु कारासावा.

समोरच्या काठावर 'मिहाराशी' नावाचं पाहुणघर आहे, ते सेत्सुचं. डोंगर दिसतो तो तिच्या ओसरीवरून. किनुएचा नवरा कुनिओ हौशी माणूस होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी त्याने फुमोतोयाचं एक रंगीत पत्रक छापलं. त्यावर तळ्यातल्या उलट्या डोंगराचा हा एवढा फोटो, आणि वर ठसठशीत अक्षरांत 'फुमोतोया'. फोटो अर्थातच समोरच्या काठावरून काढलेला. पाहुणे यायचे, पिशव्या खाली ठेवायचे आणि विचारायचे, "डोंगर कुठाय?" कुनिओ शांतपणे सांगायचा, "तुम्ही त्याच्या पायावर उभे आहात."

त्या वर्षीच्या वसंतात तळ्यावरच्या पाहुणघरवाल्यांची बैठक झाली. तिथे सेत्सु साखरेच्या आवाजात म्हणाली, "कुनिओ-सान, पुढच्या वर्षी पत्रकात समुद्रही छापा. तिकडचं माणूस घरात आहेच." किनुएचं माहेर इतोइगावाचं, ऐन समुद्रावरचं. सगळे हसले. कुनिओ तर सर्वांत मोठ्याने हसला. किनुए तेवढी हसली नाही. माहेर काढलं म्हटल्यावर कुठली बाई हसेल?

झालं, तेव्हापासून समोरच्या काठावर तिने पाऊल ठेवलं नाही. भांडण म्हणाल तर एका शब्दाचंही नाही. बैठकीत समोर आल्या की दोघी कमरेतून वाकत, नववर्षाची कार्डं नेमाने जात-येत, एकमेकींच्या तब्येतीची चौकशी होई. आमच्याकडे भांडणं अशीच होतात, आणि म्हणूनच ती टिकतात.

पुढे कुनिओ गेला. पाहुणघर मुलाने आणि सून चिनात्सुने हाती घेतलं, आणि चांगलं चालवलं. इतोइगावाहून किनुएच्या मोठ्या बहिणीचा, हात्सुएचा फोन आला. हात्सुए विधवा, घर मोठं, मुलं परदेशी. "ये की गं इकडे," ती म्हणाली. "दोघी मिळून ताजे मासे खाऊ आणि भांडू. एकटीला भांडायला फार कंटाळा येतो." किनुएला हसू फुटलं. समुद्राचा वास नाकात आला, आणि ती हो म्हणून बसली. पानगळ संपली की निघायचं ठरलं. कुणाच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. सून तर म्हणाली, "आई, दर उन्हाळ्यात यायचं. पण पाहुण्या म्हणून यायचं, स्वयंपाकघरात शिरायचं नाही." किनुएने कबूल केलं, आणि दोघींनाही ते खोटं वाटलं.

सगळं गोडीत चाललं होतं, तेवढ्यात हात्सुएने फोनवर आणखी एक सांगितलं. "आमच्या चहाच्या मंडळातल्या बायका तुझी वाट बघताहेत हं. मी सांगून ठेवलंय, माझी बहीण आली की त्या उलट्या डोंगराचं वर्णन करेल, चाळीस वर्षं रोज पाहिलाय तिने."

त्या दिवशी फुमोतोयाचा भात करपला. पाहुण्यांना मारलेली थाप एका रात्रीत निघून जाते, पण मंडळातल्या बायका शेजारी राहणार, दर आठवड्याला विचारणार. म्हणजे आता मरेपर्यंत खोटं बोलत राहायचं. आणि खोट्याचं एक वेळ सोडा, सबंध आयुष्य ज्याच्या पायाशी काढलं त्याचं तोंडही न बघता जायचं, हे तिच्या मनाला फारच लागलं.

करपलेल्या भाताचं पातेलं घासता घासता चिनात्सु म्हणाली, "आई, निरोप घ्यायला समोर सेत्सु-सानकडे जावं लागेलच ना?"

"जाईन की. निरोपाला अर्धा तास पुरतो."

"हो, पण तामेझो काकांची बोट दुपारी तिकडे जाते, ती सकाळीच परत येते. म्हणजे रात्री राहावं लागेल. पहाटे तिकडेच असाल." चिनात्सुने पातेल्यातून डोकं वर काढलं नाही. किनुएने सुनेकडे जरा वेळ रोखून पाहिलं. पोरगी दिसते तेवढी साधी नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

ऑक्टोबर संपत आला होता. किनुएने सलगमच्या पाल्याचं आपल्या हातचं लोणचं डब्यात भरलं, डबा जांभळ्या कापडात बांधला आणि तामेझोच्या बोटीत जाऊन बसली. तामेझो कुनिओचा बालमित्र. बोटीचं इंजिन आणि तोंड त्याला एकदमच चालू करायची सवय.

"वहिनी, तिकडे? सूर्य कुठून उगवला आज?"

"नेहमीच्याच बाजूने. तू पुढे बघ."

"कुनिओ असता तर पत्रक छापलं असतं याचं."

किनुएने डबा मांडीवर घट्ट धरला आणि पाण्याकडे बघत राहिली. डोंगर पाठीमागे होता, पण दुपारचा वारा होता, आणि वर ढगांनी त्याला कंबरेपर्यंत गुंडाळून ठेवलं होतं.

सेत्सु दारात गुडघ्यांवर बसून वाकली. किनुएही वाकली. हे काहीतरी क्षुल्लक आहे, अहो कशाला, नाही घ्याच, नाही नको, असं सगळं यथासांग झाल्यावर डबा आत गेला. आणि खरी लढाई सुरू झाली. चाळीस वर्षं यजमानीण असलेल्या बाईला एका दुपारी पाहुणी कसं होता येईल? किनुएने चपला काढल्या, त्या वळवून नीट लावल्या, आणि शेजारी दोन परक्या माणसांचे बूट वाकडे दिसले तेही सरळ केले. सेत्सुने ते पाहिलं. चहा आला, किनुएने कप पुसून पालथा घातला. आंघोळीला गेली तर बादल्या उतरंडीसारख्या रचून, हौदाच्या कडेचं पाणीसुद्धा पुसून आली.

"किनुए-सान," सेत्सु गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे या कामाला दोन मुली आहेत हो."

"छे छे, मी कुठे काय केलं!"

"तुम्ही पाहुण्या आहात. बसा."

"बसलेच आहे की," किनुए उभ्याउभ्याच म्हणाली.

रात्रीच्या जेवणात तळ्यातले बारीक मासे तळून आले, रानातली अळंबी आली, गरम सोबाच्या शेवया आल्या. आणि एका बशीत किनुएचं लोणचं. सेत्सुने त्यातली एक काडी चाखली, बराच वेळ चावली आणि म्हणाली, "खारट नाहीये." सेत्सुच्या तोंडून हे म्हणजे मानपत्रच. किनुएने मासे उचलून म्हटलं, "हेही तेलकट नाहीत." यापलीकडे त्या रात्री दोघी एकमेकींशी गोड बोलल्या नाहीत. जेवून झाल्यावर किनुए ताट घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली, तेव्हा मात्र सेत्सुने ते तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

पहाटे किनुए उठली, सवयीने गादीची घडी केली, आणि कापसाचं जाड जाकीट चढवून ओसरीवर येऊन बसली. तळं आरशासारखं पडलं होतं. एक तरंग नाही. आणि समोर डोंगराच्या जागी राखाडी ढगाची भिंत. पार पाण्यापर्यंत. फुमोतोयाचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं. किनुए बसून राहिली. उजाडलं, पाखरं बोलायला लागली, भिंत तशीच. तिचे पाय गारठले, मग तिला स्वतःचाच राग आला, मग ढगांचा, मग कुनिओचा, आणि शेवटी डोळे भरून आले.

चहा घेऊन आलेल्या सेत्सुला पाहुणीचे डोळे दिसले. तिने लगबगीने खाली बसून डोकं टेकवलं. "माफ करा. आज डोंगराने तोंड दाखवलं नाही. आमच्याकडून फार मोठी कुचराई झाली."

हे ठरलेलं वाक्य. किनुएनेही ते हजारदा म्हटलं असेल, आणि दर वेळी पाहुणे म्हणतात, "छे हो, पुढच्या वेळी बघू." किनुएला ते म्हणता येईना. पुढची वेळ नव्हती. तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मी कधी पाहिलाच नाही हो तो."

"काय?"

"डोंगर. पाण्यातला. एकदाही नाही."

सेत्सुने डोकं वर केलं. "पण... तुमच्याकडचे पाहुणे तर येऊन सांगतात. शिखरावरची लाली, खाली डोकं, वर पाय... सगळं तुम्हीच सांगता ना?"

"ते पत्रकावर बघून सांगते."

सेत्सुने बाहीने तोंड झाकलं, मग खांदे हलायला लागले, आणि मग बाही-बिही सोडून ती इतक्या मोठ्याने हसली की आतून एक मुलगी काय झालं म्हणून धावत आली. किनुएला आधी राग आला. मग डोळ्यांतलं पाणी न पुसताच तीही हसायला लागली.

"समुद्र छापा म्हणाले होते मी," सेत्सु धाप टाकत म्हणाली.

"तोही न बघता छापला असता त्यांनी."

"फार वाईट वाटलं होतं का हो तुम्हाला?"

"फार," किनुए म्हणाली. "अजून वाटतं."

"मलाही," सेत्सु म्हणाली. "बोलून गेले आणि घरी येऊन जेवले नाही. पण मग तुम्ही इतक्या छान वाकायला लागलात की माफी मागायला जागाच राहिली नाही."

दोघींनी चहा घेतला. या खेपेस किनुएने कप पुसला नाही. सेत्सुने आग्रह केला, आणखी एक रात्र राहा, उद्या नक्की उघडेल. पण त्याच दिवशी दुपारी फुमोतोयात लग्नाच्या वऱ्हाडाएवढा गट उतरणार होता, आणि सुनेला एकटीला तोंडघशी टाकणं किनुएला शक्य नव्हतं. खाली तामेझोने बोटीचा भोंगा वाजवला. जावंच लागलं.

धक्क्यावर सेत्सु आणि कामाच्या दोघी मुली रांगेत उभ्या राहिल्या. पाहुणा निघाला की तो नजरेआड होईपर्यंत यजमानाने हात हलवत उभं राहायचं, ही आमच्या सगळ्याच पाहुणघरांची रीत. पाहुण्यानेही तोंड फिरवायचं नसतं. यजमान हात हलवतोय आणि पाहुणा पाठ करून बसलाय, म्हणजे राहिलेल्या रात्रीवर पाणीच. रस्त्यावर हे सोपं असतं. वळण येतं आणि दोघांची सुटका होते. पण तळ्यावर वळण कुठलं? इकडच्या काठावरून तिकडचा धक्का सरळ दिसतो. बोट निघाली, किनुए मागच्या फळीवर सेत्सुकडे तोंड करून बसली, आणि दोन्ही बाजूंनी हात हलू लागले.

बोट थोडी आत आली असेल नसेल, तामेझो ओरडला, "वहिनी! अहो, ढग उचलतोय!"

किनुएचा हात हवेत थबकला आणि पुन्हा हलू लागला. "कुठे?"

"पुढे, तुमच्या पाठीमागे! वळा ना!"

"कशी वळू? ती उभी आहे की!"

"अहो, निम्मा उघडला! पाण्यात सगळा दिसतोय! वळा लवकर, वारा सुटला की संपलं!"

"तामेझो, ती हात हलवतेय!"

"मग बोट आडवी लावू का? एका डोळ्याने तिच्याकडे बघा, एकाने..."

"मी काय मासा आहे? गप चालव!"

पाठीमागे आपल्या आयुष्यभराचा डोंगर उघडतोय हे तिला कळत होतं. समोरच्या काठावरच्या झाडांवर ऊन आलेलं दिसत होतं. ऊन आलं म्हणजे शिखर मोकळं झालं. मान अर्धी जरी वळवली तरी काम होतं. पण ती मान वळेना. चाळीस वर्षं तिने कुणाकडे पाठ केली नव्हती, आणि आज, या बाईकडे, आज सकाळनंतर, करायची? तिचा हात दुखायला लागला, तिने हात बदलला.

सेत्सुलाही तो डोंगर दिसत होताच. आधी तिने बोट दाखवलं. पण पाहुण्याला बोट दाखवणं वाईट, म्हणून चटकन मागे घेतलं. मग ती दोन्ही हात हलवू लागली. किनुएला वाटलं, केवढं हे प्रेम, आणि तिनेही दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. मग सेत्सु खोल वाकली, निरोप संपला अशा बेताने. किनुएही वाकली. दोघी एकदमच सरळ झाल्या, आणि आता आधी कोण थांबणार हे कुणालाच ठरवता येईना म्हणून पुन्हा हात हलायला लागले.

"पहिली झुळूक आली," तामेझो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पश्चिमेकडून पाणी थरथरायला लागलंय. वहिनी, तुमच्या पाया पडतो."

आणि तेवढ्यात धक्क्यावर सेत्सुचे हात खाली आले. तिने किनुएकडे पाहिलं, आणि वळली. सरळ पाठ केली. उजवीकडची मुलगी अजून हात हलवत होती, तिला खांद्याला धरून फिरवलं. डावीकडचीलाही फिरवलं. तिघी जणी पाहुणीकडे पाठ करून तळ्याकाठी उभ्या राहिल्या.

तामेझोच्या हातून सुकाणू सुटता सुटता राहिलं. "हे काय हो? मिहाराशीच्या मालकिणीने पाठ फिरवली?"

शेवटी केलंच तिने, असं किनुएच्याही मनात आलं. पण सेत्सु आत गेली नव्हती. थंडीत, हात अंगाशी धरून, ताठ उभी होती. आत गेली असती तर तो अपमान झाला असता. ती नुसती पाठ करून थांबली होती.

मग किनुए वळली.

डोंगर सगळाच्या सगळा उघडा होता. शिखराची लाली उतरून गेली होती, आता तो लाल नव्हता, पिवळ्या-तांबड्या पानांनी भरलेला होता, आणि पाण्यात तेवढाच्या तेवढा, खाली डोकं, वर पाय. पत्रकापेक्षा कितीतरी मोठा. आणि दोन डोंगर जिथे एकमेकांना मिळत होते, अगदी त्या सांध्यावर, एक छोटंसं करडं छप्पर होतं. त्यातून धूर निघत होता. एक धूर वर जात होता आणि एक खाली. चिनात्सुने गाद्या उन्हात टाकल्या होत्या, त्या पांढऱ्या दिसत होत्या, पाण्यातही. पत्रकावरच्या फोटोत ते छप्पर असणारच, पण इतक्या वर्षांत तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. समोरच्या काठावरचे लोक डोंगर म्हणून जे बघत आले, त्याच्या मधोमध ती चूल पेटवत बसली होती.

"अगंबाई," ती म्हणाली, "मी त्यात होते की."

तामेझोने इंजिन बंद केलं होतं. बोट आपोआप सरकत होती. झुळूक आली, पाण्यातला डोंगर डोक्याकडून मोडायला लागला, आणि बघता बघता सगळा चुरा होऊन पाण्यावर पसरला. किनुएला मुळीच वाईट वाटलं नाही. मंडळातल्या बायकांना आता काय काय सांगायचं ते तिच्या मनात आधीच सुरू झालं होतं.

तिने डोळे पुसले आणि पुन्हा मागे तोंड करून बसली. धक्का आता लहान झाला होता, पण तिन्ही पाठी ओळखू येत होत्या. एकीही हलली नव्हती. किनुएने दुखरा हात वर केला आणि हलवायला लागली.

"वहिनी," तामेझो म्हणाला, "त्या बघत नाहीयेत."

"माहीत आहे. तू चालव."

आणि बोट फुमोतोयाच्या धक्क्याला लागेपर्यंत ती त्या पाठीला हात हलवत राहिली.